हात न लावता

आज आम्ही आमच्या योगाच्या वर्गाबद्दल बोलणार आहोत. भाकरी थापत असाल तर थापता थापता ऐका. मध्ये एकदा उभं राहायला सांगू, तेवढा तवा खाली उतरवून ठेवा.

आमचा वर्ग सुरू झाला तो योग दिनामुळे. २१ जूनचा हा दिवस २०१५ पासून सगळीकडे साजरा होतो, तसा आमच्या शाळेच्या पटांगणातही झाला. फोटो निघाले, केळी वाटली, मंडळी घरी गेली. पण आम्हा दहा-बारा जणींना त्या दिवशी कंबर जरा मोकळी वाटली. मग समाजमंदिरात आठवड्यातून तीन दिवस, पहाटे, वर्ग घ्यायचं ठरलं. शिकवायला बाहेरून एक सर यायचे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो.

पाय पसरून पुढे वाकायचं आसन असतं ना, पश्चिमोत्तानासन, ते चाललं होतं. आमच्यातल्या एका काकूंचे हात गुडघ्यापर्यंतच पोचत होते. सरांनी मागून पाठीवर दोन्ही तळवे ठेवले आणि "अजून, अजून" म्हणत दाबलं. काकूंचं कपाळ गुडघ्याला लागलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. तिसऱ्या दिवशी काकूंना खाटेवरून उठवेना. ऐन खुरपणीचे दिवस. पंधरा दिवसांची मजुरी बुडाली, आणि घरी बोलणी खावी लागली ती वेगळीच.

आपण आपल्या मनानं वाकतो तेव्हा कुठे थांबायचं ते अंगच सांगतं. मागून दाबणाऱ्या हाताला ते कळत नाही. त्यात पाळी गेल्यावर बायकांची हाडं ठिसूळ होत जातात, मणकेसुद्धा. अशा पाठीला जोरानं वाकवणं म्हणजे वाळलेली काठी वाकवून बघणं.

दुसरी गोष्ट सांगायला आम्हाला जड जातं. आमच्यातली एक तरुण सून वर्गाला यायची बंद झाली. शेतीची कामं असतील, असं आम्ही धरून चाललो. हप्त्याच्या बैठकीला आली तेव्हा विचारलं. ती म्हणाली, "मागून कोणी हात लावला की माझ्या अंगावर काटा येतो. सर असोत नाहीतर तुमच्यातली कोणी असो." त्यापुढे ती काही बोलली नाही आणि आम्हीही खोदून विचारलं नाही.

हे फक्त आमच्या गावातलं आहे असं समजू नका. म्हैसूरचे पट्टाभी जोइस हे योगातलं फार मोठं नाव, देशोदेशीचे लोक त्यांच्याकडे शिकायला यायचे. २००९ साली ते वारले. पुढे त्यांच्या अनेक शिष्यांनी, बायकांनी, जाहीरपणे सांगितलं की आसन नीट करून देण्याच्या नावाखाली त्यांना नको तिथे हात लावला जाई. २०१९ साली त्यांच्या नातवानेही हे मान्य केलं. शिकलेल्या, परक्या देशांतून आलेल्या बायकांनासुद्धा त्या वेळी "नको" म्हणता आलं नाही, तर आमच्या सुनेला कसं येणार?

आम्ही सरांना सांगितलं, हात न लावता शिकवा. ते म्हणाले, "मग चूक कशी दुरुस्त करायची?" प्रश्न खरा होता. महिनाभर त्यांनी करून पाहिलं, पुढे त्यांनाच वेळ जमेना. आता आमच्यातल्याच दोघी शिकून आल्यात, त्या घेतात. आणि तो प्रश्न आमच्याच गळ्यात पडला.

सुरुवातीला आम्ही म्हणायचो, "सरळ उभ्या राहा." की सगळ्या शाळेतल्या कवायतीसारख्या, छाती काढून, श्वास कोंडून! मग एक दिवस एकीच्या तोंडून निघून गेलं, "डोक्यावर भरलेला हंडा आहे असं समजा." बघता बघता सगळ्यांच्या माना नीट झाल्या. पोरीबाळीपासून पाणी वाहिलंय, ते अंगात मुरलेलंच होतं.

आता तवा उतरवा आणि उभ्या राहा. पावलांत चार बोटांचं अंतर. टाचा जमिनीला टेकू द्या. आता अंगठ्याचं मूळ टेकू द्या. गुडघे ताठ नकोत, सैल. डोक्यावर हंडा आहे, एक थेंब सांडायचा नाही. खांदे कानांपासून खाली सोडा. श्वास कोंडू नका, येऊ द्या, जाऊ द्या. बघा, रेडिओवरून आम्ही तुम्हाला हात लावला का? बसा आता.

एका वेळी एकच गोष्ट सांगायची. आधी अवयव, मग तो कुठे न्यायचा, मग श्वास, आणि मग जरा गप्प राहायचं, म्हणजे बाईला करायला वेळ मिळतो. एखादीचं चुकलं तर नाव घ्यायचं नाही, सगळ्यांनाच पुन्हा सांगायचं. उजव्या-डाव्याचा गोंधळ व्हायचा, म्हणून वर्गात आम्ही "देवळाकडचा हात" म्हणतो. रेडिओवर ते चालायचं नाही, इथे "घास घेता तो हात" म्हणू.

आधार लागला तर वस्तूचा द्यायचा. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, ठोकळे, दोऱ्या, खुर्च्या घेऊन आसनं करायची पद्धत रुळवली. आमच्याकडे पट्टा म्हणजे जुन्या लुगड्याचा काठ, आणि बसायला घडी घातलेली गोधडी. पुढे वाकताना गोधडीवर बसायचं, गुडघे मोडायचे, काठ तळपायाला अडकवून दोन्ही टोकं हातात धरायची. कपाळ कुठे पोचलं ते कोणी बघत नाही. रक्तदाब असेल, पोटाचं ऑपरेशन झालं असेल, अंग बाहेर येत असेल, तर आधी दवाखान्यात विचारा. गरोदरपणी कपालभाती नको.

आमच्या एका आजींना मात्र हे सगळं पटत नाही. "मला ऐकू कमी येतं, मला हात धरूनच शिकव गं," म्हणतात. त्यांच्याजवळ आम्ही समोरून जातो, आपला हात पुढे करतो. त्यांनी धरला तर धरला. आणि हे रोज विचारायचं. काल हो म्हणाल्या म्हणून आज धरून चालायचं नाही.

काकू दिवाळीनंतर परत आल्या. हात अजून गुडघ्यापर्यंतच जातात, पण खुरपून आल्यावर रात्री झोप लागते म्हणतात. ती सूनही येते. शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून चटई टाकते. तिच्या मागून जायला वाटच राहत नाही. ती जागा आम्ही दुसऱ्या कोणाला देत नाही.