पाठ असलेली चाल



भोरच्या राजवाड्यातला रामनवमीचा उत्सव आपल्या परिचयाचा. उद्या कुणी पेटीवर रामाच्या पाळण्याची नुसती चाल धरली, एकही शब्द म्हटला नाही, तरी ऐकणाऱ्याच्या ओठांवर शब्द येतील आणि चैत्रातली ती भर दुपारही आठवेल. तीनशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या ल्युथरपंथी चर्चमधल्या ऑर्गनवादकांनी याच गोष्टीच्या आधारावर एक मोठी कला उभी केली.

याची सुरुवात या पंथाचा प्रवर्तक मार्टिन ल्युथर याच्यापासून. सगळ्या मंडळीनं आपल्या भाषेत देवाचं गाणं म्हणावं, असा त्याचा आग्रह होता. १५२४ साली जर्मन स्तोत्रांची पहिली छोटी पुस्तकं छापली गेली. काही स्तोत्रं त्यानं स्वतः रचली, तर काही जुन्या लॅटिन स्तोत्रांवरून घेतली. चर्चचं वर्ष नाताळाआधीच्या चार रविवारांपासून सुरू होतं. मग नाताळ, उपवासकाळ, ईस्टर आणि पेंटेकॉस्ट. प्रत्येक सणाची स्तोत्रं ठरलेली. पिढ्यान् पिढ्या तीच गायल्यामुळे ती लहानथोरांना पाठ झाली.

मंडळी गायला लागण्याआधी ऑर्गनवर त्या स्तोत्राची प्रस्तावना वाजे. हा ऑर्गन आपल्या पायपेटीपेक्षा वेगळा. त्यात भात्याची हवा शेकडो, मोठ्या चर्चमध्ये तर हजारो नळ्यांतून जाते. दोन्ही हातांसाठी पट्ट्या असतात आणि खर्जाचे स्वर पायांनी वाजवायचे असतात. भाते हलवायला त्या काळी वेगळी माणसं लागत. ल्युबेकचा बुक्स्टेहुडे, दक्षिणेकडचा पाखेलबेल यांनी ही प्रस्तावना नावारूपाला आणली आणि योहान सेबास्टियन बाखनं तिला शिखरावर नेलं.

१७०८ ते १७१७ या काळात बाख वायमारच्या दरबारात होता. तिथे त्यानं एक वही सुरू केली. तिचं नाव ‘ऑर्गेलब्युक्लाइन’, म्हणजे ऑर्गनचं छोटं पुस्तक. चर्चच्या वर्षाच्या क्रमानं, आणि पुढे इतर विषयांवरच्या, अशा १६४ स्तोत्रांची नावं त्यानं पानांच्या माथ्यावर आधीच लिहून ठेवली. प्रत्यक्षात ४६ रचनाच झाल्या, बाकीची पानं कोरी राहिली. बहुतेक रचना एक-दोन मिनिटांच्या. वरच्या स्वरात स्तोत्राची चाल चालू असते आणि खाली बाख तिचा अर्थ सांगत असतो. आदमाच्या पतनावरच्या स्तोत्रात पायांनी वाजणारे स्वर मोठमोठ्या उड्या घेत खाली कोसळतात. शब्द मंडळींच्या मनात असतात, म्हणून ते कोसळणं त्यांना कळतं.

बाख वायमारला असतानाच ही स्तोत्रं आपल्या देशात पोचली होती, तीही एका मराठी राज्याच्या दारात. आपल्या वेल्ह्यातला राजगड ही ज्यांची पहिली राजधानी, त्या शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी तंजावरला गादी स्थापन केली. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे तिथे राज्य करत होते, मराठी नाटकं लिहीत होते. त्या काळात, १७०६ साली, त्सीगेनबाल्ग हा जर्मन ल्युथरपंथी मिशनरी जवळच्या तरंगमबाडी या डॅनिश वसाहतीत उतरला. त्यानं तमिळ भाषा शिकून घेतली आणि जर्मन स्तोत्रं जर्मन चालींवरच तमिळमध्ये गायली जाऊ लागली.

पुढे त्याच मिशनचा श्वार्ट्झ तंजावरला आला. तिथल्या राजाचे दत्तकपुत्र सरफोजी यांचा तो शिक्षक आणि पालक. १७९८ साली तो वारला. पुढे सरफोजीराजांनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून त्याचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं. श्वार्ट्झचाच दुसरा शिष्य वेदनायगम शास्त्री. त्यांनी दक्षिणी रागांत ख्रिस्ती पदं रचली. मंदिरांतल्या आणि दरबारांतल्या ‘कुरवंजी’ या नाट्यप्रकारात त्यांनी ‘बेथलेहेम कुरवंजी’ लिहिली, तर सरफोजीराजांनी त्याच प्रकारात मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ रचून जगाचा भूगोल सांगितला!

रागातली पदं आली म्हणून जर्मन चाली गेल्या नाहीत. तमिळ ल्युथरपंथी मंडळींत पाश्चात्त्य चालींची ‘ज्ञानपाट्टु’ आणि रागांतली ‘कीर्तनै’ अशी दोन्ही स्तोत्रं आजही गायली जातात. मंडळीला पाठ असलेली चाल जर्मनीतून आलेली असो वा तंजावरात जन्मलेली, सणाच्या दिवशी ती सगळ्यांच्या तोंडी असते.

तेव्हा बाखचं हे संगीत ऐकायचं असेल, तर आधी मूळ स्तोत्र एखाद्या समूहानं गायलेलं ऐका. चाल गुणगुणता येईपर्यंत ऐका. मग ऑर्गनची रचना लावा. चाल ओळखीची नसेल तर कानावर नुसता नाद पडतो. ओळखीची असेल तर बाख काय सांगतोय ते समजायला लागतं.