जुनी जिप्सी आणि माझी पान्यांची पेटी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सहलीत मोहर्ली येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



जेवण झालं आहे, समोर इरईचं पाणी आहे आणि पहाटे उठल्यामुळे निम्म्या मंडळींचे डोळे मिटत आहेत. अशा वेळी बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला बोलायला उभं करणं धोक्याचं असतं. पण अध्यक्षांनीच सांगितलं, "तुमच्या त्या जिप्सीबद्दल बोला." तेव्हा दोष त्यांचा.

सकाळी आपण मोहर्ली गेटमधून आत गेलो तेव्हा तुम्ही सगळे वाघ शोधत होता. मी मात्र गाडीचा आवाज ऐकत होतो. आमच्या गाडीचा मागचा डावा कमानपाटा करकरत होता. चालकाला म्हटलं, "भाऊ, बुश गेलं वाटते." तो हसला आणि म्हणाला, "साहेब, तुमी वाघ पाहा जी, बुश मी पाहतो."

मारुतीने जिप्सी १९८५ च्या डिसेंबरात बाजारात आणली. पहिलं इंजिन ९७० सीसीचं होतं. पुढे १९९६ मध्ये १२९८ सीसीचं आलं आणि २००० पासून त्याला इंजेक्शन आलं. २०१९ मध्ये ही गाडी नवीन मिळणं बंद झालं. म्हणजे आज सकाळी गेटवर रांगेत उभी असलेली प्रत्येक जिप्सी जुनीच आहे, आणि कोणाच्या तरी हातांनी ती चालती ठेवली आहे. माझं आजचं बोलणं त्या हातांबद्दल आहे.

माझा या गाड्यांशी संबंध कर्जामुळे आला. २००६ मध्ये मोहर्लीचा एक तरुण जिप्सीसाठी कर्ज मागायला आला. मी मंजूर केलं आणि दरमहा हप्ता बांधून दिला. ऑगस्टमध्ये हप्ता थकला म्हणून त्याला बोलावून चांगलं सुनावलं. तो खाली मान घालून म्हणाला, "साहेब, गेट बंद हाये जी. हप्ता कोठून भरू?" ताडोबाचा गाभा जुलै ते सप्टेंबर बंद असतो, हे चंद्रपुरात राहून मला माहीत नव्हतं असं नाही. पण कर्जाचा कागद करताना ते डोक्यात आलं नव्हतं. पुढच्या वर्षीपासून वर्षाला नऊ हप्ते करून घेतले. त्याने एकही चुकवला नाही. चूक माझी होती आणि बोलणी त्याने खाल्ली, हे मनात राहिलं.

२०१९ मध्ये, म्हणजे मी निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी, कामानिमित्त इकडे आलो होतो. तीच गाडी मोहाच्या झाडाखाली उभी दिसली. टायर बसलेले, सीटवर कोंबडी. त्याने दुसरी गाडी घेतली होती आणि ही भंगारात द्यायची होती. मी ती विकत घेतली, रीतसर खासगी नोंदणीत आणली आणि ओढून आपल्या पार्किंगमध्ये आणून ठेवली. त्या वेळी सचिवांनी मला जी प्रेमळ नोटीस दिली, ती मी अजून जपून ठेवली आहे.

आता थोडा हिशेब. भाड्याने चालणाऱ्या गाडीवर आयकराच्या नियमाने वर्षाला ३० टक्के घसारा धरतात, तोही उरलेल्या किमतीवर. या हिशेबाने शंभर रुपयांच्या गाडीचे दहा वर्षांनी तीन रुपयेही उरत नाहीत. मी आयुष्यभर हेच आकडे मांडले. पण घसारा गाडीचं वय सांगतो. गाडीचं काय गेलं आहे आणि काय अजून चांगलं आहे, ते खाली वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. माझ्या त्या गाडीचं इंजिन उत्तम होतं, पत्रा मात्र गेला होता. कागदावर दोन्हीची किंमत एकच.

पहिली खरेदी मी चुकीची केली. शंभराहून जास्त नगांची चकचकीत पेटी आणली. दुसऱ्याच दिवशी त्यातली गोटी फुटली आणि माझी बोटं सोलली. मग सुटे पण चांगले पाने घेतले. जिप्सी जपानी घराण्यातली, त्यामुळे १०, १२, १४ आणि १७ एवढ्या चार मापांत बहुतेक काम होतं. रिंग पाना आधी घ्यावा. उघडा पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो आणि जोर लावला की नटाच्या कडा गोल करून टाकतो. रिंग सगळ्या बाजूंनी धरते. त्याशिवाय लांब दांडा, टॉर्क रेंच, पक्कड, वायर ब्रश, ग्रीस गन, एक मल्टीमीटर, बाकाला लावायचा शिकंजा आणि दोन लोखंडी स्टँड. एवढ्यावर माझं नव्वद टक्के काम झालं.

बँकेतली एक सवय इथे फार उपयोगी पडली. तिथे व्हाउचरशिवाय नोंद नाही, इथे चिठ्ठीशिवाय बोल्ट नाही. खोलण्याआधी फोटो, खोलल्यावर बोल्ट डबीत आणि डबीवर चिठ्ठी. आमच्या घरातल्या लोणच्याच्या आणि च्यवनप्राशच्या सगळ्या बरण्या त्या काळात खाली पार्किंगमध्ये गेल्या. घरच्या मंडळींनी तेही सोसलं.

गंजलेला नट ही सहनशक्तीची परीक्षा असते. तेल सोडून रात्रभर ठेवायचं. सकाळी आधी किंचित आवळायचा, मग सैल करायचा. थोडा पुढे, थोडा मागे. रागाने ओढला की बोल्ट तुटतो आणि दहा मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं. मी असे तीन तोडले.

पत्र्याचं सांगतो. पेचकसाच्या मुठीने ठोकत जायचं. चांगला पत्रा टणक वाजतो, गंजलेला भद्द वाजतो. जंगलातला चिखल चेसिसच्या पोकळीत आणि पायाखालच्या पत्र्यात जाऊन बसतो. पाणी बाहेर पडायला कंपनीने भोकं ठेवलेली असतात, ती बुजली की पत्रा आतून कुजतो आणि वरून रंग शाबूत दिसतो. आपल्या सर्वांच्या गाड्यांच्या दाराखाली अशी भोकं आहेत. पावसाळ्याआधी एक तार घालून ती मोकळी करा. खर्च शून्य.

विजेचंही तसंच. त्या गाडीला स्टार्टरचा त्रास होता म्हणून आधीच्या काळात दोनदा बॅटरी बदलली होती. मल्टीमीटर लावला तर बॅटरी ठीक. इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना चौदाच्या आसपास दिसलं, की बॅटरी आणि चार्जिंग बहुधा बरं असतं. दोष निघाला अर्थच्या वायरीत. जिथे ती चेसिसला लागते तिथे गंज. वायर ब्रशने घासली आणि गाडी एका चावीत सुरू झाली.

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीतलं पेट्रोल काढूनच टाकावं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते ओलावा धरतं आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. मी सगळ्या नळ्या बदलल्या. सुटे भाग पेट्रोलने धुऊ नका आणि ब्रेकच्या ड्रममधली धूळ फुंकून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

रंगाला ऋतू लागतो. आपल्या मे महिन्यात थिनर हवेतच उडतो आणि रंग संत्र्याच्या सालीसारखा बसतो. पावसाळ्यात त्यावर पांढुरकी साय येते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत रंगवावं.

आता जे आजवर घरीसुद्धा सांगितलं नाही, ते सांगतो.

२०२१ चा जुलै. गेट बंद होतं, म्हणून मोहर्लीचा हा भाऊ मदतीला चंद्रपूरला आला होता. मागचं चाक काढून गाडी जॅकवर घेतली होती. स्टँड तेव्हा माझ्याकडे होते, पण वर घरात. चौथ्या मजल्यावर कोण जाणार? दोन मिनिटांचं तर काम. मी गाडीखाली सरकायला लागलो. त्याने माझा पाय धरून ओढला. "थांबा जी साहेब. पयले चाक घाला खाली, मंग शिरा." त्याने काढलेलं चाक आडवं करून चेसिसखाली सरकवलं. मी मनातून जरा चिडलोच. खाली गेलो, दांड्याला पाइप लावून नट ओढला. नट सुटला आणि त्याच झटक्यात जॅक तिरका झाला. गाडी खाली आली ती त्या चाकावर. माझ्या तोंडापासून वीतभर वर थांबली.

जिप्सीचं वजन टनाच्या आसपास असतं. आपल्या पार्किंगच्या फरशीला पाणी वाहून जावं म्हणून उतार दिला आहे. तो मी रोज पाहत होतो, पण जॅक लावताना पाहिला नाही. कर्जाच्या कागदात गेट बंद असल्याचं दिसलं नाही, तसंच हे. दोन्ही वेळा माझ्यापेक्षा त्याला जास्त कळत होतं. पहिल्या वेळी मी त्याला बोललो होतो. दुसऱ्या वेळी त्याने माझा जीव वाचवला.

तो आज इथे आहे. शेवटच्या रांगेत, खांबाजवळ. सकाळी आपल्यातल्या सहा जणांना त्यानेच जंगल दाखवलं. उठू नका भाऊ, बसा. मला फक्त सगळ्यांसमोर सांगायचं होतं. आणि घरच्यांची क्षमा मागतो. रागावणं परतल्यावर.

तेव्हापासून माझे नियम ठरले. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. स्टँड लावल्याशिवाय आणि खाली चाक टाकल्याशिवाय शिरायचं नाही. इतर चाकांना दगड. आणि एकट्याने गाडीखाली कधीच नाही. ब्रेक आणि स्टिअरिंगचं काम पहिल्यांदा जाणत्या मिस्त्रीसोबतच करायचं. वेल्डिंग मी केलं नाही, करून घेतलं. काय आपलं आपण करायचं नाही, हेही घरच्या कारागिरीचाच भाग आहे.

पैशाचं विचाराल तर दुरुस्तीला गाडीच्या किमतीहून जास्त लागले आणि विकली तर ते निघणार नाहीत. मी ती विकणार नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी करून पाच वर्षांसाठी नवी होते. माझी झाली आहे. त्या पाच वर्षांत गाडी टिकते की मी, ते पाहू.

शेवटी संस्थेकडे एक मागणी. बी विंगखाली गेली कितीतरी वर्षं एक प्रीमिअर पद्मिनी झाकून ठेवली आहे. ज्यांची होती ते आज आपल्यात नाहीत. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीची साधी गाडी. त्यात कॉम्प्युटर नाही, शिकायला याहून चांगली शाळा नाही. मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "भंगारवाल्याला देणार नाही, पण मुलांना हात लावू द्या." मीटर रूमशेजारची रिकामी खोली संस्थेने द्यावी. माझी पान्यांची पेटी, शिकंजा आणि दोन्ही स्टँड मी तिथे ठेवतो. एक वही राहील. पाना नेला की नोंद, आणला की सही. संस्थेतल्या मुलामुलींपैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी रविवारी सकाळी आठला यावं. पहिल्या रविवारी आपण पद्मिनीचं आच्छादन काढून नुसतं ठोकून पाहू, कुठे टणक वाजते आणि कुठे भद्द.

स्टँड खालीच राहतील, चौथ्या मजल्यावर नाही.