पलंगाएवढी मोटार

पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत ७५ इंच आणि डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत ४० इंच. म्हणजे आपल्याकडच्या एका माणसाच्या पलंगाएवढी जागा. या पलंगाच्या चार पायांच्या जागी चाकं लावायची, पुढे इंजिन बसवायचं, त्यामागे आई-बाबांना आणि त्यांच्या पाठीशी दोन मुलांना बसवायचं, वर कापडी छत ओढायचं आणि रविवारी गावाबाहेर निघायचं. १९२२ साली इंग्लंडमध्ये असा एक प्रयोग झाला. त्याचं नाव ऑस्टिन सेव्हन. लोकांनी तिला लाडानं 'बेबी ऑस्टिन' म्हटलं, आणि आपल्याकडेही ती त्याच नावानं ओळखली गेली. मुंबईतल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात एखादी दिसली की मोठ्या रोल्स-रॉइस सोडून पोरं आधी तिच्याभोवती जमतात.

आज तिच्याविषयी बोलायचं ते ती गोड दिसते म्हणून नव्हे. गरिबाला, म्हणजे कमी पैशाच्या माणसाला, वस्तू द्यायची तर ती कशी द्यायची, हा एक जुना प्रश्न आहे. त्याचं एक उत्तर या गाडीत आहे, आणि ते उत्तर काढण्यात एका अठरा वर्षांच्या मुलाचा मोठा वाटा आहे.

आधी मालकाची ओळख करून घेऊ. हर्बर्ट ऑस्टिन यांचा जन्म १८६६ चा. विशीच्या आतच हा मुलगा ऑस्ट्रेलियाला गेला. तिथे मेंढ्यांची लोकर कापायची यंत्रं बनवणाऱ्या वुल्सली कंपनीशी त्याचा संबंध आला आणि तिच्याच कामासाठी १८९३ मध्ये तो इंग्लंडला परतला. लोकर कापायच्या यंत्रापासून मोटारीपर्यंतचा प्रवास आपल्याला विचित्र वाटेल, पण त्या काळी मोटारी बनवणारे बहुतेक जण सायकली, शिवणयंत्रं, बंदुका अशाच कुठल्या तरी धंद्यातून आलेले असत. १९०५ मध्ये ऑस्टिन यांनी बर्मिंगहॅमजवळ लाँगब्रिज इथे बंद पडलेल्या एका छापखान्याच्या इमारतीत स्वतःचा कारखाना काढला. पहिल्या महायुद्धात या कारखान्यात तोफगोळे झाले, विमानं झाली. कामगारांची संख्या वीस हजारांवर गेली. त्याच युद्धात, १९१५ च्या जानेवारीत, त्यांचा एकुलता एक मुलगा फ्रान्समध्ये मारला गेला.

युद्ध संपलं, तोफगोळ्यांची मागणी संपली. एवढा अवाढव्य कारखाना चालवायचा कशावर? ऑस्टिन यांनी ठरवलं की एकच मोठी गाडी काढायची आणि भरपूर काढायची. 'ऑस्टिन ट्वेंटी' ही ती गाडी. गाडी चांगली होती. मात्र ती घेणारे पुरेसे नव्हते. १९२१ मध्ये कंपनीवर रिसीव्हर बसला.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला एक नवा कर लागू झाला होता. मोटारीच्या प्रत्येक अश्वशक्तीमागे वर्षाला एक पौंड. आता अश्वशक्ती म्हणजे इंजिन खरोखर किती जोर लावतं ते, असं आपण समजू. सरकारी हिशेब वेगळा होता. सिलिंडरचा व्यास, ज्याला आपले मेकॅनिक 'बोअर' म्हणतात, तो इंचांत घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सिलिंडरांच्या संख्येनं गुणायचं आणि अडीचनं भागायचं. पिस्टन वर-खाली किती अंतर जातो, म्हणजे स्ट्रोक किती, याला त्या सूत्रात जागाच नव्हती! त्यामुळे फोर्डच्या मॉडेल टीसारख्या रुंद बोअरच्या अमेरिकन गाडीला वर्षाला वीस पौंडांच्या वर कर पडे, ऑस्टिन ट्वेंटीलाही तेवढाच. मग इंग्रज कारागिरांनी काय करावं? सिलिंडर अरुंद केले आणि उंच केले. पुढे पंचवीस-एक वर्षं इंग्लंडमधल्या इंजिनांची अंगकाठी या एका सूत्रानं ठरवली. मी मात्रा मोजणारा माणूस. वृत्त आखून दिलं की शब्द त्यातून आपली वाट काढतात, हे मला ठाऊक आहे. पण करखात्यानंही वृत्त आखून द्यावं आणि त्यात एखादी चांगली ओळ सापडावी, याची मला मोठी गंमत वाटते.

करात बसेल अशी छोटी गाडी काढावी, असं ऑस्टिन यांनी संचालकांना सुचवलं. कंपनी बुडायला आलेली. संचालकांनी नकार दिला. मग या गृहस्थांनी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून स्टॅन्ली एज नावाचा एक ड्राफ्ट्समन उचलला आणि लिकी ग्रेंज या आपल्या राहत्या घरी आणला. एज तेव्हा अठरा वर्षांचा होता. बंगल्यातल्या बिलियर्ड्सच्या खोलीत त्याची मांडामांड झाली. १९२१ च्या शरदापासून पुढच्या वर्षापर्यंत पंचावन्न वर्षांचा मालक आणि अठरा वर्षांचा पोरगा असे दोघे त्या खोलीत गाडी आखत होते.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या वेळी स्वस्तात गाडी म्हणजे 'सायकलकार'. मोटारसायकलचं इंजिन, दोन सिलिंडर, हवेनं थंड होणारं, त्यावर कसंबसं बसवलेलं हलकं खोकं. चालताना अंगातली हाडं मोजून घ्यावीत असा हादरा. त्यापेक्षा मोटारसायकलला साइडकार जोडून बायकोला तीत बसवणारे पुष्कळ होते. पावसात दोघंही भिजत. ऑस्टिन यांच्या डोळ्यांपुढे हाच माणूस होता, आणि त्याच्यासाठी त्यांच्याही मनात आधी दोन सिलिंडरचं, हवेनं थंड होणारं इंजिनच होतं. तरुण एजला ते मान्य नव्हतं. बेल्जियमच्या एफएन मोटारसायकलला चिमुकलं चार सिलिंडरचं इंजिन असे, ते त्याला माहीत होतं. दोन सिलिंडरमध्ये दोन मोठे धक्के बसतात. तेवढीच ताकद चारांत वाटली तर धक्के लहान होतात आणि एकामागून एक येतात, गाडी गुळगुळीत चालते. चार सिलिंडरचं, पाण्यानं थंड होणारं इंजिन इतक्या लहान आकारात करता येतं, हे त्यानं मालकाला पटवलं. बोअर ५४ मिलिमीटर, स्ट्रोक ७६ मिलिमीटर, एकूण ६९६ घनसेंटिमीटर. लवकरच बोअर जरासा वाढवून ते ७४७ घनसेंटिमीटर झालं. सरकारी सूत्रानं अश्वशक्ती ७.८, आठच्या आत! गिअरबॉक्स आणि क्लचचं आरेखनही एजचंच. गाडीचं रूप प्रामुख्यानं ऑस्टिन यांचं. त्यावर फ्रान्सच्या पूजो क्वाद्रिलेतची छाया आहे असं जाणकार सांगतात.

म्हणजे साहेबांच्या मोटारीत जे जे असतं ते ते सगळं या मोटारीत होतं, फक्त लहान मापात. १९२२ साली कितीतरी महागड्या गाड्यांना फक्त मागच्या चाकांना ब्रेक असत. हिला चारही चाकांना होते. छोट्या माणसाला अर्धीमुर्धी वस्तू देऊन त्याची बोळवण करायची नाही, पुरी वस्तू द्यायची, हे या गाडीचं इमान आहे, आणि मला तिच्यात भावतं ते हेच.

जुलै १९२२ मध्ये गाडी लोकांपुढे आली. किंमत जाहीर झाली २२५ पौंड, ती लवकरच १६५ वर आणली गेली. ऑस्टिन यांनी यात स्वतःचे पैसे घातले होते. बऱ्याच नव्या कल्पनांची पेटंटं त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागे दोन गिनी रॉयल्टी कंपनीकडून ठरवून घेतली. एज पगारी नोकर होता. व्यवहार म्हणून यात बेकायदा काही नाही, आणि धोका मालकानंच पत्करला होता हेही खरं. तरीपण चार सिलिंडरचा आग्रह ज्यानं धरला त्याचं नाव गाड्यांच्या शौकिनांपलीकडे फारसं कुणाला माहीत नाही, ही गोष्ट मला डाचते. आपल्याकडेही शिलालेखावर राजाचं नाव असतं, पाथरवटाचं नसतं.

गाडीत खोड्याही कमी नव्हत्या. क्लचचं पेडल इतकं थोडं हलायचं की गाडी एक तर जागची हलायची नाही, नाहीतर एकदम टुणकन उडी मारायची. चारही चाकांना ब्रेक होते खरे, पण सुरुवातीला पाय मागच्या दोन चाकांना थांबवी आणि हात पुढच्या दोघांना. दोन्ही एकत्र जोडले गेले १९३० मध्ये. शिवाय हे ब्रेक लागतील याची खात्री बाळगणारा चालक विरळा. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना तेल मिळायचं ते नळीतून उडणाऱ्या धारेनं. धार सोडायची आणि ती पोचेल अशी आशा धरायची, अशा अर्थाचं टोपणनावच त्या व्यवस्थेला पडलं होतं. पण गाडीचं वजन जेमतेम ३६० किलो, त्यामुळे जेमतेम दहा अश्वशक्तीतही ती झकास पळे. ऑस्टिन यांचे जावई आर्थर वेट यांनी १९२३ मध्ये इटलीत मोंझाला जाऊन छोट्या गाड्यांची शर्यत तिच्यावर जिंकली.

पहिल्या पूर्ण वर्षात सुमारे अडीच हजार गाड्या झाल्या. अपेक्षेपेक्षा कमीच. मग मात्र मागणी वाढत गेली, सायकलकारचा धंदा काही वर्षांत आटोपला आणि लाँगब्रिजचा कारखाना तरला. १९३९ मध्ये उत्पादन थांबलं तोवर मोटारी आणि छोट्या व्हॅन मिळून सुमारे २ लाख ९० हजार झाल्या होत्या.

आपण हिला 'कुटुंबाची गाडी' म्हणतो. कुठलं कुटुंब, तेही विचारायला हवं. १६५ पौंड म्हणजे कारखान्यातल्या कामगाराची जवळपास वर्षभराची मजुरी. नवी गाडी घेतली ती कारकुनांनी, शिक्षकांनी, दुकानदारांनी, गावोगावच्या डॉक्टरांनी. लाँगब्रिजला जे हात ती जोडत होते, त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या दारात ती नवीकोरी उभी राहिली असेल. दहा वर्षांनी जुन्या गाड्या स्वस्तात मिळू लागल्या, तेव्हा ती आणखी खालपर्यंत पोचली.

ब्रिटनमध्ये १९२० साली खासगी मोटारी दोन लाखांच्या आत होत्या. १९३० मध्ये त्या दहा लाखांवर गेल्या आणि १९३९ मध्ये वीस लाखांवर. यात आनंदाचाच भाग आहे असं नाही. १९३४ या एका वर्षात तिथल्या रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली, आणि तोपर्यंत गाडी चालवण्याची परीक्षा द्यावी लागत नव्हती! पैसे मोजायचे, गाडी घ्यायची, निघायचं. परीक्षा सक्तीची झाली १९३५ मध्ये.

तिशीच्या दशकात स्पर्धा वाढली. मॉरिस मायनर १९२८ मध्ये आली होती. १९३१ मध्ये तिची साधी आवृत्ती बरोबर १०० पौंडांना निघाली. १९३२ मध्ये फोर्डनं मॉडेल वाय आणली, १९३४ मध्ये मॉरिस एट आली. मग सेव्हनही बदलली. १९३१ मध्ये पलंग सहा इंचांनी लांब झाला, १९३२ मध्ये तीनाचे चार गिअर झाले. १९३४ मध्ये गोलसर अंगाची 'रूबी' आली. प्रत्येक सुधारणेनं गाडी अधिक आरामशीर झाली आणि अधिक जडही. रूबी देखणी आहे, पण मला विचाराल तर ती थोडी सुस्तावलेली वाटते. पहिल्या गाडीचा फटकळपणा तिच्यात उरला नाही.

तिचे नातेवाईक मात्र दूरदूर पसरले. जर्मनीत आयझेनाखच्या कारखान्यात १९२७ पासून ती परवान्यानं 'डिक्सी' या नावानं बनू लागली. पुढच्याच वर्षी बीएमडब्ल्यूनं तो कारखाना विकत घेतला. आज रस्त्यावर ऐटीत जाणाऱ्या बीएमडब्ल्यूच्या घराण्याची पहिली मोटार अशी ही बेबी ऑस्टिनच आहे. फ्रान्समध्ये रोझेंगार्टनं ती काढली. आपल्या पुण्यात आखलेली टाटांची नॅनो २००८ मध्ये दाखवली गेली, तेव्हा स्कूटरवरून जाणाऱ्या चौघांचं कुटुंब असंच तिच्या कर्त्यांच्या नजरेपुढे होतं. नॅनोही चालायला वाईट नव्हती. पण 'सर्वांत स्वस्त' हे बिरूद घेणाऱ्याला कमीपणाचं वाटलं आणि दहा वर्षांत तिचा खेळ संपला. ऑस्टिन यांनी 'मोठ्या मोटारीचं लहान रूप' म्हणून आपली गाडी विकली. शब्दांचा फरक लहान नसतो.

आणखी एक धागा सांगतो. तिशीच्या दशकात अलेक इसिगोनिस नावाच्या एका तरुण इंजिनिअरनं ऑस्टिन सेव्हनच्याच भागांवर आधारलेली एक हलकी शर्यतीची गाडी मित्रासोबत स्वतःच्या हातांनी घडवली. त्याच इसिगोनिसची मिनी १९५९ मध्ये लाँगब्रिजहून बाहेर पडली आणि सुरुवातीला ऑस्टिनच्या दुकानांत ती 'ऑस्टिन सेव्हन' याच नावानं विकली गेली. तिच्या आखणीच्या वेळी जागा आणि खर्च वाचवायला चाराचं इंजिन अर्धं करून दोन सिलिंडरवर चालवून पाहिलं होतं. त्याचा खडखडाट फार होता. मग चारच ठेवले.