शृंगार, वैराग्य आणि पेडणे-डिचोलीची परंपरा
भारतीय विचारात काम हा चार पुरुषार्थांपैकी एक आहे आणि षड्रिपूंतला पहिला शत्रूही तोच. मध्ययुगीन मराठी साहित्यातील ताण या दुहेरी भूमिकेतून आला. कवीला शृंगार वगळता येत नव्हता आणि धर्मसंप्रदायाला त्यास मोकळीक देता येत नव्हती.

हा पेच सर्वांत ठळकपणे दिसतो तो महानुभाव पंथात. भास्करभट्ट बोरीकरांनी चौदाव्या शतकाच्या आरंभी 'शिशुपालवध' रचला. ग्रंथ चांगला उतरला आहे, पण शृंगारामुळे तो निवृत्तिमार्गी साधकाच्या उपयोगाचा नाही, असा अभिप्राय गुरुबंधूने दिला. त्यानंतर भास्करभट्टांनी भागवताच्या एकादश स्कंधावर 'उद्धवगीता' लिहिली. पंथाने पुढे हे दोन्ही ग्रंथ 'साती ग्रंथां'त, म्हणजे आपल्या सात मान्य काव्यग्रंथांत, जपले. वैराग्याचा आग्रह धरणाऱ्या परंपरेनेही शृंगारकाव्य टाकून दिले नाही, ही गोष्ट मोलाची आहे.

वारकरी संतांनी वेगळा मार्ग काढला. ज्ञानेश्वरांच्या विरहिणींत आणि संतांच्या गौळणींत स्त्री-पुरुष प्रेमाची भाषा ईश्वराच्या ओढीसाठी वापरलेली आहे. १५७३ साली वाराणसीत पूर्ण झालेल्या एकनाथी भागवतात पिंगला वेश्येची कथा येते. गिऱ्हाइकाची वाट पाहून निराश झालेल्या पिंगलेला त्या निराशेतूनच विरक्ती लाभते आणि अवधूताच्या चोवीस गुरूंत तिला स्थान मिळते. उर्वशीच्या मोहात बुडालेल्या पुरूरव्याचा पश्चात्तापही त्याच ग्रंथात आहे. दोन्ही कथांत वासनेचा अनुभव घेतलेली व्यक्तीच वैराग्याची शिकवण देते.

नाथपंथात ब्रह्मचर्याला कठोर महत्त्व आहे. तरी पंथाची सर्वाधिक सांगितली जाणारी कथा स्त्रीराज्यात रमलेल्या मच्छिंद्रनाथांची आहे. तेथे शिष्य गोरक्षनाथ गुरूला भानावर आणतो. १८१९ च्या 'नवनाथ भक्तिसारा'ने ही कथा घरोघरी नेली. सिद्ध गुरूही मोहातून सुटत नाही, हे पंथाने लपवले नाही. पेडणे-बांदा परिसरातील सोहिरोबानाथ आंबिये (१७१४–१७९२) याच पंथाचे. काही काळ कुळकर्णीपण सांभाळलेल्या या कवीने 'सिद्धांतसंहिता', 'महदनुभवेश्वरी' अशा ग्रंथांतून योग आणि अद्वैत मांडले.

गोव्याच्या जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागात, नीतीचा प्रश्न राजसत्तेच्या हाती गेला. १६१६ साली छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त फादर स्टीफन्सने आदम-एवाचे पतन आणि मरियेचे कौमार्य मराठी ओवीत सांगितले. १५६० पासून इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय होतेच. १७३६ च्या त्याच्या फर्मानाने ख्रिस्ती घरांतील लग्नाची देशी गाणी आणि हळदीसारखे विधी निषिद्ध ठरवले. एकीकडे ओवी धर्मोपदेशाचे साधन झाली आणि दुसरीकडे लग्नघरातली ओवी गुन्हा ठरली.

उत्तर गोव्यातील पेडणे आणि डिचोली मात्र त्या काळात सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. हे प्रदेश पोर्तुगिजांकडे गेले ते उशिरा, १७८१ ते १७८८ या काळात. त्यामुळे येथील लोकपरंपरेवर इन्क्विझिशनची तशी पकड बसली नाही. धालो या लोकनृत्याच्या मांडावर स्त्रिया संसाराचे सुखदुःख गात राहिल्या. फाल्गुनातल्या शिगम्यात थट्टामस्करीला मोकळीक असते आणि वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत धोंड म्हणजे व्रतस्थ भक्त सोवळे पाळून निखाऱ्यांवरून चालतात. उपभोग आणि संयम यांना एकाच समाजाने पंचांगात आपापली जागा दिली आहे.

मध्ययुगीन धर्मनीतीने काम नाकारला, असे सरसकट विधान म्हणूनच टिकत नाही. पंथांनी त्याला दिशा दिली, लोकाचाराने काळवेळ नेमून दिली आणि बंदीचा मार्ग मुख्यतः सत्तेने पत्करला. पेडणे-डिचोलीच्या संदर्भात हे तपासायचे, तर संतांचे ग्रंथ आणि स्त्रियांची मौखिक गाणी एकत्र अभ्यासली गेली पाहिजेत. ग्रंथांत धर्माचा आदेश सापडतो. तो माणसांनी कसा पाळला आणि कुठे वाकवला, हे गाण्यांतून कळते.