पॉवर वीडर सारखा बंद पडतो तेव्हा
पावसानं उघडीप दिली की लोहा तालुक्यात कापसात, सोयाबीनमध्ये पॉवर वीडर फिरू लागतात. आणि नेमकं तेव्हाच यंत्र रुसतं. चालू होतं, चार ओळी गेल्या की बंद. थोडं थांबलं की पुन्हा चालू!

असं असेल तर आधी टाकीच्या झाकणावर संशय घ्या. झाकणातलं बारीक छिद्र मातीनं बुजलं की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. इंजिन थंड झाल्यावर झाकण सैल करा. ‘सूं’ असा आवाज आला, तर दोष सापडला. छिद्र साफ करा, मिस्त्रीचा खर्च वाचला.

दुसरं, गेल्या हंगामातलं पेट्रोल. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढतं. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा. तळाशी वेगळा थर दिसला, तर टाकीही रिकामी करा.

एअर फिल्टर झटकणं आलंच. उतारावरच यंत्र बंद पडतंय? मग ऑइल बघा. बऱ्याच फोर-स्ट्रोक इंजिनांत ऑइल कमी झालं की सेन्सर इंजिन बंद करतो. मात्र पातळी तपासताना यंत्र सपाट जागेवर उभं असू द्या.