धीट व्हा, पण लीन राहा



आजचा विषय आहे धैर्य आणि नम्रता. धीट माणूस उर्मट असतो आणि नम्र माणूस गप्प बसतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. पण शास्त्र काय दाखवते? गणनाच्या 12व्या अध्यायात ज्या मोशेच्या नम्रतेची साक्ष दिली आहे, तोच मोशे फारोसमोर उभा राहिला. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 4 पाहा. पेत्र आणि योहान यांना धमकावून सोडले, तेव्हा मंडळीने एकत्र प्रार्थना केली. संकट टळावे असे मागितले नाही, बोलण्याचे धैर्य मागितले. म्हणजे धैर्य हे मागून घ्यायचे दान आहे. आणि जे मागून मिळाले, त्याचा गर्व कसा करणार?

आपल्या मराठी मंडळीत याचे मोठे उदाहरण आहे पंडिता रमाबाई. 1882 साली हंटर आयोगापुढे त्यांनी निर्भयपणे साक्ष दिली, की या देशाला स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात. पुढे 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा राज्य करणारेही ख्रिस्तीच होते. मग त्या राज्यकर्त्यांची हांजी हांजी करू लागल्या का? नाही. 1897 साली पुण्यात प्लेग असताना सरकारी प्लेग-रुग्णालयात स्त्रियांचे जे हाल होत, त्याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रातून उघडपणे लिहिले. आपल्याच धर्माच्या सत्ताधाऱ्यांना त्यांची चूक दाखवणे, याला खरे धैर्य लागते.

आता त्यांची नम्रता पाहा. तरुणपणी दुष्काळात त्यांनी आईवडील गमावले होते. 1896-97 चा दुष्काळ पडला, तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना आपल्याबरोबर घेऊन आल्या. आपला हा छत्तीसगडचा भागही त्या काळी मध्य प्रांतातच होता. त्या मुलींसाठी केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवले, त्या बाई या मुलींच्या आई झाल्या.

पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल मराठीत आणले. संस्कृतप्रचुर भाषा त्यांना सहज जमली असती. पण साध्या बाईला वाचून समजावे म्हणून त्यांनी सोपी मराठी निवडली. आपली विद्वत्ता बाजूला ठेवणे, ही किती मोठी नम्रता! 1922 साली त्या प्रभूकडे गेल्या, त्याच्या थोडे आधीपर्यंत हे काम चालू होते.

आता आपल्याकडे येऊ. तुम्ही कामावर आहात. कंत्राटी मजुराला सेफ्टी बेल्ट न देता उंचावर चढवले जात आहे. "मी लहान माणूस, मी काय बोलणार?" असे म्हणणे नम्रता नाही, ती भीती आहे. तो मजूर पडला, तर आपले गप्प राहणे देवापुढे काय उत्तर देणार? मंडळीच्या दानाचा हिशेब विचारावा लागला, तर जरूर विचारा. पण चारचौघांत कोणाचा अपमान करायला नको, घरी जाऊन विचारा. आणि ज्याने हिशेब विचारला, त्यानेच सभा संपल्यावर दऱ्या गुंडाळायला पुढे व्हावे.

स्वतःला तपासायला एक प्रश्न देतो. मी बोलतो ते कोणासाठी? स्वतःच्या मानासाठी बोलत असेन, तर थांबावे. दुसऱ्याच्या भल्यासाठी बोलत असेन, तर घाबरू नये. प्रभू येशूने मंदिरातील सराफांचे चौरंग उलथले आणि त्याच आठवड्यात शिष्यांचे पायही धुतले. दोन्ही हात एकाच प्रभूचे होते.

प्रार्थना करू या. हे प्रभू, जिथे आम्ही भीतीने गप्प आहोत, तिथे आम्हाला वाचा दे. जिथे आम्ही गर्वाने बोलतो, तिथे आम्हाला शांत कर. आमेन.