हाय खाल्लेले काळीज



हृदयरोगासंबंधी बोलावयास कामगार चळवळीतला माणूस उभा राहतो, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीत दिवा मालवण्यापूर्वी आणि सार्वजनिक वाचनालयात. परंतु सभासद आजारी पडला की इस्पितळात जाऊन बसणे हा गेली तीस वर्षे आमच्या कामाचाच भाग आहे. तेथे जे पाहिले, आणि त्याचा अर्थ लावण्यासाठी जे वाचले, तेवढेच आज आपणांपुढे ठेवणार आहोत.

आपल्या भाषेने ही गोष्ट पूर्वीच ओळखली आहे. काळीज आणि काळजी हे शब्द एकमेकांना लागूनच उभे आहेत. भीतीने छातीत धडकी भरते, काळजाचे पाणी होते. आणि जो उभारी धरीत नाही त्याने 'हाय खाल्ली' असे आपण म्हणतो. झटक्यातून वाचला, पण हाय खाऊन गेला, हे वाक्य कोणत्या चाळीत ऐकू येत नाही? प्रश्न एवढाच, की ही नुसती बोलण्याची रीत आहे की तिच्यात तथ्य आहे?

तथ्य आहे. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरी नॅन्सी फ्रॅझर-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका येऊन इस्पितळात पडलेल्या २२२ रोग्यांची, ते खाटेवर असतानाच, मनाची तपासणी केली. १९९३ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. ३५ रोग्यांना, म्हणजे शेकडा सोळांना, डॉक्टरी कसोटीवर उतरणारे तीव्र नैराश्य होते. सहा महिन्यांच्या आत २२२ पैकी १२ जण दगावले. हृदयाची कमजोरी किती होती, झटका पहिला की दुसरा, हे सर्व हिशेबात धरूनही निराश रोग्यांना मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे चौपट होता. पुढे इतरत्र पुष्कळ अभ्यास झाले, आणि २०१४ साली अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेच्या तज्ज्ञ समितीने, नैराश्य हे अशा रोग्यांच्या बाबतीत धोक्याचे कारण मानावे, अशी शिफारस केली.

हे घडते कसे? एक वाट साधी आहे. निराश माणूस गोळ्या चुकवतो, फिरावयास जात नाही, सुटलेली बिडी पुन्हा ओढू लागतो. दुसरी वाट शरीराच्या आतली. सततच्या ताणाने नाडीचा नैसर्गिक लवचिकपणा कमी होतो, रक्तातील गुठळी धरणारे कण अधिक चिकट होतात, अंगात दाह वाढतो. मन आणि हृदय अशी दोन वेगळी खाती आपण पाडली आहेत. शरीराच्या कचेरीत ती एकाच मेजावर चालतात.

आता आपण म्हणाल, एवढे गंभीर दुखणे डॉक्टरांना दिसत कसे नाही? त्याचे कारण असे, की ते हृदयरोगाच्याच वेषात वावरते. झोप नाही, भूक नाही, थकवा आहे, ही नैराश्याची लक्षणे. पण ती दुबळ्या हृदयाचीही आहेत. धडधड, घाम, छाती आवळणे ही चिंतेची खूण, आणि झटक्याचीही. म्हणूनच १९८३ साली झिगमंड आणि स्नेथ या डॉक्टरांनी इस्पितळातील रोग्यांसाठी चौदा प्रश्नांचा एक तक्ता तयार केला, सात चिंतेचे आणि सात नैराश्याचे; आणि त्यातून थकवा, झोप असली शारीरिक लक्षणे बुद्ध्याच वगळली. याहून सोपी वाटही आहे. गेल्या दोन आठवड्यांत कशातच गोडी वाटेनाशी झाली का? उदास, हताश वाटते का? हे दोनच प्रश्न विचारावयास किती वेळ लागतो? रक्तदाब घ्यावयास लागतो त्याहून कमीच.

परंतु रोगी उत्तर देईल का, हा खरा प्रश्न आहे. आम्ही पाहिलेला एक फिटर सांगतो. वय बेचाळीस. आपल्याकडे हा रोग तसा लवकरच गाठतो. बावन्न देशांच्या पाहणीत दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी, म्हणजे इतरांपेक्षा पाचसहा वर्षे आधी, येतो असे आढळले. फिटरची नळी वेळेवर मोकळी झाली होती, डॉक्टर समाधानी होते. "कसे वाटते?" म्हटले की तो "बरे आहे, साहेब" म्हणे. बायकोपुढे हसे. ती गेली की भिंतीकडे तोंड करून पडे. शेजारची खाट एका रात्रीत रिकामी झाल्यापासून त्याने डोळा मिटला नव्हता. चौथ्या दिवशी तो आम्हांला हळूच म्हणाला, "भाऊ, मला परत मशीनवर घेतील का? का आता घरीच बसायचं?" पतपेढीचे कर्ज, मुलीचे कॉलेज, रात्रपाळीचा भत्ता, सारे त्या एका प्रश्नात होते. आणि तो प्रश्न त्याने डॉक्टरांना विचारला नव्हता. कारण तो औषधाचा प्रश्न नाही असे त्याला वाटत होते.

आमचे म्हणणे असे, की तो औषधाचाच प्रश्न होता. डॉक्टरांना आम्ही तो सांगितला. त्यांनी खाटेवर बसून त्याला समजावले: इतक्या दिवसांनी जिना चढ, इतक्या आठवड्यांनी हलके काम कर. व्यवस्थापकांकडून हलक्या कामाचे पत्र मिळाले. त्या रात्री तो झोपला.

रोग्याला आशा देणे हा उपचाराचाच भाग आहे, हे थोर डॉक्टरांनी केव्हाच दाखविले आहे. झटक्याच्या रोग्याला आठवडेच्या आठवडे खाटेला खिळवून ठेवण्याची रीत होती. बोस्टनचे डॉक्टर सॅम्युअल लेव्हाइन आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाऊन यांनी १९५२ साली असे रोगी आरामखुर्चीत बसविल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. खाटेवर निजलेला स्वतःला अर्धा मेलेला समजतो. खुर्चीत बसला की घरी जाण्याच्या गोष्टी बोलू लागतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २००३ साली अमेरिकेत २४८१ रोग्यांवरील मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. मानसोपचाराने, आणि जरूर तेथे औषधाने, नैराश्य उणावले. पण मृत्यूचे प्रमाण घटले नाही. मग खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. आम्ही उलट विचारतो, कामगाराचा पाय मोडला तर आयुष्य वाढेल म्हणून आपण तो बांधतो काय? दुःख दूर होणे हाच पुरेसा लाभ आहे. आपल्या देशात सुमारे चार हजार रोग्यांवर योगाभ्यासाचा प्रयोग झाला. त्यातही मृत्यू वा पुन्हा झटका यांचे प्रमाण निश्चितपणे कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. पण रोग्यांना बरे वाटू लागले आणि ते आपल्या पूर्वीच्या व्यवहारात अधिक परतले. आमच्या लेखी ही लहान गोष्ट नव्हे.

आणि रोगी इस्पितळात येण्यापूर्वीचे काय? लंडनच्या सरकारी नोकरांचा अभ्यास १९६७ साली सुरू झाला. सगळे कचेरीतलेच; तरी सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपायांत हृदयविकाराने होणारे मृत्यू वरिष्ठांच्या तिपटीहून अधिक निघाले. धूम्रपान, रक्तदाब वगैरेंनी त्यातील अर्ध्याहूनही कमी तफावतीचा उलगडा झाला. १९८५ पासूनच्या दुसऱ्या अभ्यासात मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले, की ज्याला आपल्या कामावर स्वतःचा ताबा नाही त्याच्या हृदयाला धोका अधिक. हुकूम झेलणाऱ्याच्या छातीवर ओझे असते, हे कामगाराला ठाऊक होतेच. आता ते मोजून झाले आहे.

म्हणून आमचे मागणे चार गोष्टींचे आहे. प्रत्येक हृदयरोग कक्षात ते दोन प्रश्न विचारले जावेत, आणि उत्तर 'होय' आले तर पुढे मदत असावी. नुसते विचारून सोडणे ही थट्टा होईल. घरी जाताना रोग्याला काय करू नये याच्या यादीबरोबर काय करता येईल याचीही यादी मिळावी. मालकांनी काही काळ हलके काम द्यावे, वेतन न कापता. कामगार राज्य विमा योजनेत पात्र विमेदाराला आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के मिळतात. परंतु ज्या कंत्राटी कामगाराची वर्गणीच भरलेली नसते त्याला खाटेवर निजून दिवस मोजावे लागतात. त्याचे नाव योजनेत घालणे हाही हृदयाचाच उपचार आहे. मानसिक उपचार मिळण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने प्रत्येकाला दिला आहे, आणि १४४१६ या क्रमांकावर सरकारी टेलिमानस सेवा फुकट बोलते. ही माहिती कक्षाच्या दारावर लावावयास कोणाची हरकत असावी?

राहता राहिले आपण. रोग्याला भेटावयास गेल्यावर "काळजी करू नकोस" म्हणून उठू नका. कशाची काळजी वाटते, ते विचारा, आणि ऐकून घ्या. झटका येऊन पुन्हा कामावर रुजू झालेला एखादा सोबती बरोबर न्या. दहा व्याख्याने जे सांगणार नाहीत ते त्याचे खाटेशेजारी येऊन बसणे सांगेल. घरच्यांनीही रोग्याच्या हातातली सगळी कामे काढून घेऊ नयेत. निरुपयोगी ठरलेला माणूस मनाने खचतो. आणि रोगी 'जगण्यात अर्थ नाही' असे बोलला तर ते हसण्यावारी न नेता त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानी घाला.

हाय खाणे हे नशीब नव्हे; तो ओळखता येणारा, विचारता येणारा आणि पुष्कळदा बरा होणारा आजार आहे.